रिमोटच्या ट्रकचे शॉकअप : पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

रिमोटचा ट्रक हातभर उंचीवर धरा आणि चारही चाकं एकदम टेकतील असा सपाट जमिनीवर सोडा. पोट जमिनीला लागता लागता वर आलं आणि गाडी एकदाच हलून स्थिर झाली, तर तुमच्या शॉकअपला काहीही झालेलं नाही. पोट धाडकन आपटलं, तर तेल पातळ आहे, कमी झालंय किंवा स्प्रिंग बसलीय. गाडी दोन-तीनदा उड्या मारून मग थांबली, तर आत तेल जवळजवळ उरलेलंच नाही. आणि स्प्रिंग दबलीच नाही, गाडी दगडासारखी टणकन उडाली, तर तेल किंवा स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. या चाचणीला एक पैसा लागत नाही. तरी ती न करताच मोबाइलवर निळ्या-लाल चकाकत्या ॲल्युमिनियम शॉकअपचा संच मागवणारेच जास्त. हजार-दोन हजार जातात आणि गाडी होती तशीच उड्या मारत राहते.

बुलढाणा जिल्ह्यात हा खर्च जास्त बोचतो, कारण इथे चूक दुरुस्त करायलाही कुरियरचीच वाट पाहावी लागते. मोटरसायकलचा शॉकअप मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकर कुठेही तासाभरात बदलून मिळतो. रिमोटच्या गाडीचा भाग मात्र पुणे, मुंबई, बंगळुरूच्या हॉबी दुकानांतून किंवा थेट परदेशातून येतो. दोन मिलिमीटरचा फरक निघाला की पुन्हा आठवडाभर गाडी कपाटावर. म्हणून इथल्या ग्राहकाने क्रम उलटा लावावा: सगळ्यात स्वस्त उपाय आधी, सगळ्यात चमकदार शेवटी.

पुढचे भाव साधारण आहेत. दुकानागणिक आणि डॉलरच्या भावाप्रमाणे ते इकडेतिकडे होतील, पण कोणत्या कामाला शेकड्यात आणि कोणत्या कामाला हजारांत खर्च येतो हे त्यावरून कळेल.

आधी गाडी कोणती ते बघा

जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन हजार ते अडीच हजारांत मिळणाऱ्या बहुतेक ट्रकांना शॉकअप असतो तो दिसण्यापुरता. प्लास्टिकची नळी, आत एक स्प्रिंग, तेलाचा थेंब नाही. ओळखायला सोपं आहे. शॉकअप काढा, बोटाने दाबा आणि सोडा. टिचकी मारल्यासारखा लगेच परत आला तर ती नुसती स्प्रिंग. हळू, दाबाखाली सरकल्यासारखा परत आला तर आत तेल आहे. नुसत्या स्प्रिंगवाल्या गाडीवर दीड हजाराचे तेलाचे शॉकअप चढवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्या गाडीचे चाकं धरणारे आर्म लवतात, चाकं डगमगतात, शॉकअप जिथे अडकतो तो पट्टा मऊ प्लास्टिकचा असतो. त्यात सुटे भागही मिळत नाहीत. तेच पैसे पुढच्या गाडीसाठी बाजूला टाका.

याला एक सन्माननीय अपवाद आहे. जपानच्या तामिया कंपनीच्या काही जुन्या किट गाड्या, उदाहरणार्थ १९८७ साली आलेली आणि आजही बनणारी ‘लंच बॉक्स’ व्हॅन, कारखान्यातूनच बिनतेलाच्या शॉकअपवर येतात. पण त्या खेळणं नव्हेत. त्यांचा प्रत्येक स्क्रू सुटा मिळतो आणि तेलाचे शॉकअप बसवले की गाडी अक्षरशः ओळखू येत नाही. शॉकअप बदलण्याचा पैसा पुरेपूर वसूल कुठे होत असेल, तर अशा गाडीवर.

बाकी, आठ-दहा हजारांच्या पुढच्या बहुतेक गाड्यांना तेलाचेच शॉकअप असतात, मग त्या चिनी डब्ल्यूएलटॉईजच्या असोत की अमेरिकेतल्या ट्रॅक्ससच्या. ट्रॅक्ससचा ‘स्लॅश’ हा एक-दशांश मापाचा ट्रक २००८ साली आला आणि उड्या मारणाऱ्या ट्रकांचा एक वर्गच त्याने लोकप्रिय केला. त्याच्या साध्या आवृत्तीला आजही प्लास्टिकचेच तेलभरले शॉकअप येतात. प्लास्टिक आहे म्हणून ते टाकाऊ, असं समजू नका. नीट भरलेला प्लास्टिकचा शॉकअप हा अर्धवट भरलेल्या ॲल्युमिनियमच्या शॉकअपपेक्षा केव्हाही चांगला.

तेल : सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपेक्षित

शॉकअपच्या आत एक रॉड, त्याच्या टोकाला भोकांचा पिस्टन आणि भोवती सिलिकॉन तेल, एवढाच संसार. चाक वर गेलं की पिस्टन तेलातून सरकतो आणि तेल त्या बारीक भोकांतून पलीकडे जातं. तेल जाड असेल किंवा भोकं लहान असतील तर हालचाल मंदावते. स्प्रिंग गाडी तोलून धरते, उडी जिरवतं ते तेल. त्यामुळे गाडी उड्या मारते म्हणून कडक स्प्रिंग घेणं हा चुकीच्या दुखण्यावरचा इलाज आहे. कडक स्प्रिंग आणि तेच पातळ तेल, म्हणजे गाडी आणखी उडणार.

बाटलीवर जाडी दोन तऱ्हेने लिहिलेली असते, ‘वेट’मध्ये आणि सेंटिस्टोक्स म्हणजे सीएसटीमध्ये. वेटचा आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून सीएसटी बघून घ्यावं. एका प्रचलित मोजणीत ३० वेट म्हणजे ३५० सीएसटी, ३५ म्हणजे ४२५, ४० म्हणजे ५००, ५० म्हणजे ६५०. एक-दशांश ट्रकांत कारखान्याचं तेल बहुधा ३०-३५ वेटच्या घरातलं असतं.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. हे आकडे साधारण २५ अंश तापमानाचे असतात. घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूरच्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३च्या पुढे जातो आणि शाळांना सुट्ट्या असतात त्याही तेव्हाच. सिलिकॉन तेल इतर तेलांच्या मानाने उष्णतेत कमी पातळ होतं, तरी ४५ अंशांना त्याची जाडी पाव ते एक-तृतीयांशाने उतरते. म्हणजे उन्हाळ्यात ४० वेट भरलं की ते जेमतेम ३० वेटसारखं वागतं. घाटावर, बुलढाणा-चिखली-मेहकरकडे, ऊन एवढं भाजत नाही, तिथे उन्हाळ्याला ३५ पुरतं. हिवाळ्यात पहाटे गाडी काढणाऱ्याने पुन्हा ३०वर यावं, कारण थंडीत उलट होतं, तेल घट्ट होतं आणि गाडी खडबडीत जमिनीवर टणटण उडते. उन्हाळ्याला एक आणि हिवाळ्याला एक अशा दोन बाटल्या घेतल्या की वर्षाचं काम झालं. साठ मिलिलिटरची बाटली साधारण चारशे ते नऊशे रुपयांना मिळते आणि एका बाटलीत चारही शॉकअप दोन-तीनदा भरून होतात.

दगडांवरून सावकाश चढणाऱ्या क्रॉलर ट्रकला मात्र हे गणित लागू नाही. त्याला उड्या जिरवायच्या नसतात, प्रत्येक चाक खड्ड्यात उतरायला हवं असतं. त्याला मऊ स्प्रिंग आणि पातळ तेलच ठेवा, उन्हाळा असो की हिवाळा.

स्वस्तातली एक वाट आहे. प्रयोगशाळेला रसायनं पुरवणाऱ्या दुकानांत सिलिकॉन तेल सीएसटीचा आकडा लिहून मिळतं. ३५० आणि १००० ही मापं सर्रास असतात. अर्धा लिटरची बाटली अनेकदा हॉबीच्या दोन लहान बाटल्यांच्या भावात बसते. दोन जाडींचं तेल मिसळून मधली जाडी काढता येते, पण सरासरी सरळ धरू नका. ३५० आणि १००० समसमान मिसळले तर ६७५ नव्हे, सहाशेच्या आसपास येतं. चार-पाच मित्रांनी मिळून घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चारशे रुपये येतील. ट्रेडमिलच्या पट्ट्याला लावायचं सिलिकॉन तेलही काही जण वापरतात. त्यावर जाडी छापलेली असेल तरच घ्या, नाहीतर तो जुगार आहे.

आणि हे मात्र करूच नका: गॅरेजमधून मोटरसायकलच्या फोर्कचं तेल आणून ओतू नका. ते खनिज तेल असतं. रिमोटच्या गाड्यांतल्या अनेक ओ-रिंगा आणि टोपणाखालची पातळ रबरी चकती सिलिकॉन रबराची असते. ती खनिज तेलात फुगते, रॉड अडकतो आणि मग गळती लागते. वीस रुपयांच्या तेलापायी अख्खा संच उघडावा लागतो.

ओ-रिंग, रॉड आणि काळी माती

शॉकअपच्या खालच्या तोंडाशी तेल ओलावलेलं दिसलं आणि त्यावर मातीचा थर धरला, म्हणजे ओ-रिंग गेली. आपल्याकडे हे लवकर होतं. काळ्या रानातली उन्हाळी धूळ पिठासारखी बारीक असते, ती ओल्या रॉडला चिकटते आणि प्रत्येक हालचालीबरोबर रबर खरवडते. मुरमाची धूळ भरड असते, ती निदान झटकली जाते.

कंपनीचा ओ-रिंग संच दीडशे ते चारशे रुपयांना येतो. घाई असेल तर जुनी रिंग नमुना म्हणून घेऊन पंपांचे आणि हायड्रॉलिकचे सील विकणाऱ्या दुकानात जा. त्याच मापाची नायट्राइल रबराची रिंग पाच-दहा रुपयांत मिळून जाईल, आणि सिलिकॉन तेलात ती व्यवस्थित टिकते. आतला व्यास आणि रबराची जाडी, दोन्ही जुळली पाहिजेत. दुकानदार ‘ताणून बसेल’ म्हणाला तर परत या.

रॉड वाकलाय का, हे काचेवर लोळवून बघा. थरथरत लोळला तर वाकडा. वाकडा रॉड सरळ करत बसू नये, जोडी शे-पाचशे रुपयांत मिळते. रॉड पकडीत धरून स्क्रू फिरवणं हा या छंदातला सर्वात सामान्य अपराध आहे. पकडीचे दात रॉडवर ओरखडा काढतात आणि तो ओरखडा नवी ओ-रिंग आठवड्यात कापतो. रॉड धरायचाच असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि शक्यतो आट्यांच्या भागाशी धरा.

पूर्णेच्या काठच्या खारपाण पट्ट्यातल्या वाचकांसाठी वेगळी सूचना. गाडी चिखलाने माखली की बोअरच्या पाण्याखाली धरायचा मोह होतो. त्या पाण्यातला क्षार स्क्रू आणि रॉडवर बसतो आणि गंज चढतो. चिखल वाळू द्या, जुन्या दातघासणीने झटका, फार तर पिण्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. रॉडवर चढवायचे कापडी किंवा रबरी मोजे दोन-पाचशे रुपयांत मिळतात आणि काळ्या मातीत ते खरोखर उपयोगी पडतात. फुग्याचं तोंड कापून तेच काम करणारेही आहेत. चालतं, पण उन्हात फुग्याचं रबर चार दिवसांत चिरतं.

इथवरचा हिशेब करा. तेल, ओ-रिंगा, गरज पडली तर एक रॉडची जोडी आणि शंभर-दीडशे कुरियर, सगळं मिळून दोन हजारांच्या आत. बहुतेक गाड्यांचं दुखणं एवढ्यात बरं होतं.

स्प्रिंग आणि पिस्टन

तेल बदलूनही गाडी पोटावर बसत असेल, तरच स्प्रिंगकडे वळा. आधी फुकटचा उपाय बघा. स्प्रिंगच्या वर अडकवायच्या प्लास्टिकच्या चकत्या गाडीबरोबर आलेल्या असतात आणि बहुतेकांच्या घरी त्या खोक्यातच पडून असतात. त्या घातल्या की गाडी उचलली जाते. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त उंची वाढते, आणि पुष्कळदा हवी असते ती उंचीच. बॅटरी घालून गाडी जमिनीवर ठेवा, दाबून सोडा. आर्म आडवे, जवळपास जमिनीला समांतर राहिले की उंची बरोबर.

मोठी बॅटरी किंवा जड धातूचे भाग चढवले असतील तर मात्र कडक स्प्रिंग लागते. चारचा संच पाचशे ते दीड हजार. रंगावरून कडकपणा ओळखायची पद्धत आहे, पण एका कंपनीचा लाल दुसऱ्या कंपनीच्या लालशी जुळत नाही.

पिस्टनबद्दल फार लोक विचार करत नाहीत. काही गाड्यांत एक, दोन, तीन भोकांचे पिस्टन मिळतात, कधी खोक्यातच. भोकं कमी म्हणजे अडवणूक जास्त. उंचावरून उड्या मारणाऱ्याला कमी भोकांचा पिस्टन बरा, ढेकळांच्या रानात पळवणाऱ्याला जास्त भोकांचा, कारण कमी भोकांतून वेगाने तेल जाऊ शकत नाही आणि ढेकळावर शॉकअप क्षणभर अडल्यासारखा होतो.

अख्खा संच कधी घ्यावा

तीनच वेळा. शॉकअप बिनतेलाचे असतील, पण गाडी चांगली असेल तेव्हा. प्लास्टिकची टोपणं उंच उड्यांनी वारंवार निघून येत असतील तेव्हा. किंवा नळीच्या आट्या झिजल्या असतील आणि सुटी नळी मिळत नसेल तेव्हा. ‘दिसायला भारी’ हे चौथं कारण आहे आणि ते खोटं नाही, पण त्याला सुधारणेचं नाव देऊ नये.

बाजारात दोन टोकं आहेत. एका बाजूला बिननावाचे चिनी ॲल्युमिनियम संच, भारतात साधारण पंधराशे ते साडेतीन हजारांत. एक-चौदांश वगैरे लहान गाड्यांचे हजाराच्या आतबाहेर. यांची नळी बरी असते, आतलं काम बेभरवशाचं. काहींत टोपणाखालची रबरी चकती नसते, काहींत रॉड भोकात घासतो, आणि तेल जवळजवळ प्रत्येकातच कमी भरलेलं असतं. म्हणजे संच घेतला तरी तेलाची बाटली घ्यावीच लागते. हा संच मागवलात तर गाडीवर चढवण्याआधी चारही उघडून पुन्हा भरायचे, हे धरूनच चला. हा अर्धा दिवस द्यायची तयारी नसेल तर घेऊ नका.

दुसऱ्या टोकाला नावाजलेल्या कंपन्यांचे मोठ्या नळीचे संच. ट्रॅक्ससचा ‘बिग बोअर’ घ्या: कठीण मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नळी, टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर असलेला रॉड, उंची कमीजास्त करायला आट्यांची नळी. नळी मोठी म्हणून तेल जास्त मावतं आणि ते तापून पातळ व्हायला वेळ लागतो. वस्तू उत्तम आहे, पण चारच्या संचाला अमेरिकेतच शंभर डॉलरच्या वर मोजावे लागतात. वाहतूक आणि शुल्क धरून इथे बारा हजारांच्या पुढची तयारी ठेवावी. एवढ्यात दुसरी एखादी लहान गाडी येते. स्पर्धेत उतरणारा किंवा रोज तासभर उड्या मारणारा सोडला, तर बुलढाण्याच्या मुरमाड मैदानावर रविवारी एक-दोन बॅटऱ्या संपवणाऱ्याला हा फरक हाताला जाणवणार नाही.

विक्रेता सांगत नाही अशी एक गोष्ट इथेच सांगतो. प्लास्टिकचा शॉकअप धक्क्यात स्वतः तुटतो आणि वरचा पट्टा वाचतो. ॲल्युमिनियमचा शॉकअप तुटत नाही, तो धक्का पट्ट्याला आणि आर्मला देतो. धुऱ्यावरून उडालेली गाडी एका चाकावर पडली की तुटायचं ते तुटणारच, फक्त बिल दुसऱ्या भागाचं येतं. त्यामुळे धातूचे शॉकअप घेणाऱ्याने एक जादा पट्टा आणि आर्मची जोडी त्याच पार्सलमध्ये मागवावी. पाचशे ते बाराशे रुपये वाढतील, पण दुसऱ्या कुरियरची वाट वाचेल.

माप चुकलं की सगळं चुकलं

शॉकअपची लांबी तो पूर्ण ताणलेला असताना वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजतात. फूटपट्टीने नको. डिजिटल व्हर्निअर तीनशे ते हजार रुपयांत मिळतो, नाहीतर ओळखीच्या लेथवाल्या काकांकडून पाच मिनिटं मागून घ्या. पुढचे आणि मागचे शॉकअप बहुतेक ट्रकांत वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून दोन्ही मोजा. लांबी जास्त झाली तर चाक नको तितकं खाली उतरतं आणि ड्राइव्ह शाफ्ट सांध्यातून निसटतो. कमी झाली तर चाकाची हालचाल आखडते आणि एवढा खर्च करून गाडी आधीपेक्षा वाईट चालते. क्रॉलरच्या संचांत ९०, १००, ११० मिलिमीटर अशी मापं मिळतात. ती पाहून ‘जवळचं’ माप घेण्याचा मोह टाळा.

भोकाचा व्यास आणि खालच्या भोकात बसणाऱ्या गोळीची रुंदीही लिहून ठेवा. ऑनलाइन पानावर ‘दोन नग’ लिहून चित्र चारचं टाकलेलं असतं, तेव्हा नग मोजा. गाडीचा मॉडेल क्रमांक विक्रेत्याला लिहून पाठवा आणि ‘हो, बसेल’ असं लेखी उत्तर घ्या. फोनवरचं ‘बसेल की’ पुढे कामाला येत नाही.

परदेशातून मागवताना

भारतात किमती एवढ्या का, याचं एक कारण सीमाशुल्क. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३मध्ये ७० टक्के. तुमच्या पार्सलमधला भाग कोणत्या वर्गात धरला जाईल हे सीमाशुल्क खातं ठरवतं, म्हणून मागवण्याच्या दिवशी कुरियर कंपनीला त्या वर्गाचा दर विचारा. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की शुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तू, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं. दोन हजारांची वस्तू पंधराशेच्या वाहतुकीने मागवली तर शुल्क साडेतीन हजारांवर. वर जीएसटी, आणि कुरियर कंपनीचं हाताळणीचं बिल वेगळं. आधारसारखं ओळखपत्रही मागतात.

अमेरिकेतल्या मामांनी ‘भेट’ लिहून पाठवलं की सुटेल, हा समज जुना झाला. १२ डिसेंबर २०१९ पासून पोस्ट-कुरियरने शुल्क न भरता भेटवस्तू म्हणून माल आणणं बंद आहे. सवलत ठेवली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. शॉकअपचा संच राखीत बसत नाही. मामा सुट्टीत येणारच असतील तर त्यांच्या बॅगेतून आणवणं हा सरळ मार्ग.

देशातल्या देशात मागवतानाही तेलाची बाटली वेगळी अडते. द्रव पदार्थ विमानाने न्यायला अनेक कुरियर नकार देतात, ते रस्त्याने येतं. म्हणून तेल आधी मागवा. लोणार, संग्रामपूर तालुक्यांतल्या आडगावी राहत असाल तर पैसे भरण्याआधी पिनकोड टाकून पोचतं का ते तपासा, किंवा पार्सल इंडिया पोस्टने पाठवायला सांगा. नाहीतर तालुक्याच्या गावातल्या नातेवाइकाचा पत्ता द्या.

हाताने भरताना

जिल्ह्यात या कामाला मिस्त्री शोधू नका, हे घरचं काम आहे. दीड, दोन आणि अडीच मिलिमीटरचे षट्कोनी पेचकस तीनशे ते आठशे रुपयांत येतात. मेडिकलमधून दहा रुपयांची सुई नसलेली सिरिंज आणा, म्हणजे चारही शॉकअपांत तेल सारखं पडेल.

जुनं तेल काढा, सगळं कोरड्या कापडाने पुसा. नव्या ओ-रिंगांना तेलाचं बोट लावून बसवा. रॉड पूर्ण खाली ओढा, नळी काठोकाठ भरा आणि रॉड अगदी सावकाश वरखाली करा. बुडबुडे वर येतील. मग दहा मिनिटं शॉकअप उभा ठेवून द्या. ही दहा मिनिटं कोणी देत नाही आणि मग शॉकअप दाबला की आत बुडबुड्यांचा चुळचुळ आवाज येतो. टोपण बसवताना रॉड साधारण अर्धा आत ढकलून ठेवा. जादा तेल बाहेर सांडेल, सांडू द्या. टोपण हाताने घट्ट करा, पकडीने आवळलं तर प्लास्टिकच्या आट्या जातात.

पुढचे दोन एकत्र हातात धरून दाबा. एक लवकर आणि एक उशिरा परत आला तर उघडून पुन्हा भरा, कारण असमान जोडीमुळे गाडी वळणात एका बाजूला ओढते. तेलाच्या बाटलीवर आणि गाडीच्या तळाला तारीख व सीएसटी मार्करने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आत काय भरलं होतं ते आठवत नाही.

चाचणीला मोकळं मैदान किंवा पीक निघालेलं रान घ्या. लोणारचं विवर आणि ज्ञानगंगेचं जंगल दोन्ही अभयारण्यं आहेत, तिथे गाडी काढू नका.

माल चुकीचा आला तर

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ घ्या, तोही शिक्का तोडण्याआधीपासून. शॉकअप मोजा, दाबून बघा, फोटो काढा आणि तेल भरण्याआधी ठरवा. तेल भरलेला, चिखल लागलेला माल परत घ्यायला कोणी तयार होत नाही आणि त्यात विक्रेत्याची बाजूही रास्त आहे.

ऑनलाइन विक्रीला २०२० सालचे ई-कॉमर्स नियम लागू आहेत. त्यांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते. वस्तू कोणत्या देशात बनली हे पानावर लिहिणंही बंधनकारक आहे. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

तरीही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे नांदुऱ्याच्या माणसाला बंगळुरूच्या दुकानाविरुद्ध बुलढाण्यात दाद मागता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. दोन हजारांच्या शॉकअपसाठी कोणी आयोगापर्यंत जाईल असं मला वाटत नाही. पण बारा हजारांचा नामवंत संच म्हणून नक्कल पाठवली असेल, तर जावं. सोबत बिल, पैसे दिल्याचा पुरावा, विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट, ‘बसेल’ असं लिहिलेला निरोप आणि तो व्हिडिओ जोडा. स्क्रीनशॉट मागवण्याच्या दिवशीच काढून ठेवा, कारण तक्रार गेली की ते पान पुष्कळदा बदललेलं असतं.